घराण्यातून आलेला आजार आणि घरातल्या माणसांची जबाबदारी

मुलाच्या रक्ताच्या अहवालावर ‘थॅलेसेमिया मेजर’ किंवा ‘सिकलसेल, एसएस पॅटर्न’ असे आनुवंशिक रक्तविकाराचे शब्द आले की घरात उपचारांच्याही आधी एक प्रश्न विचारला जातो, तो म्हणजे हे कोणाच्या बाजूने आले. तो विचारताना बहुतेकांचे डोळे सुनेकडे वळलेले असतात. नाशिक जिल्ह्यात या प्रश्नाला दोन वाटा फुटतात. एक वाट जिल्हा रुग्णालयाच्या प्रयोगशाळेकडे जाते आणि दुसरी त्र्यंबकेश्वराकडे, जिथे राज्यभरातून कुटुंबे पितृदोषाच्या निवारणासाठी आणि संततीच्या सुखासाठी नारायण नागबळीचा तीन दिवसांचा विधी करायला येतात. अनेकदा दोन्ही वाटांवर चालणारी माणसे तीच असतात, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. मात्र विधीतून मनाला मिळणारा आधार आणि तपासणीतून मिळणारी माहिती यांची कामे वेगळी आहेत. पहिले झाले म्हणून दुसऱ्याची गरज संपत नाही.

आनुवंशिक आजारांविषयी लिहिताना मला सर्वांत आधी एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते. आपल्या शरीरात कोणते जनुक आले, याला कोणीही जबाबदार नसते, कारण ते निवडण्याची संधी कोणालाच मिळालेली नसते. ते जनुक आपल्यात आहे हे कळल्यानंतर आपण काय करतो, कोणाला सांगतो, कोणापासून लपवतो, तपासणीला जातो की टाळतो, इथून जबाबदारी सुरू होते. घरोघरी मात्र याच्या नेमके उलटे घडताना दिसते. जे कोणाच्याच हातात नव्हते त्यासाठी आईला बोल लावला जातो, आणि जे सर्वांच्या हातात आहे ते कोणीच करत नाही.

प्रत्येक जनुकाच्या आपल्याकडे साधारणपणे दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. सिकलसेल आणि थॅलेसेमिया हे दोन्ही आजार रक्तातील हिमोग्लोबिन तयार करणाऱ्या जनुकातील बदलामुळे होतात. दोनपैकी एकाच प्रतीत बदल असेल तर ती व्यक्ती ‘वाहक’ असते. आपल्या आरोग्य कार्यकर्त्यांच्या बोलण्यात सिकलसेलच्या वाहकाला ‘एएस’ आणि रुग्णाला ‘एसएस’ म्हणतात. थॅलेसेमियाच्या दोन्ही प्रतींत बदल असला की होतो तो ‘थॅलेसेमिया मेजर’, ज्यात वारंवार रक्त चढवावे लागते. वाहक माणूस शेतात राबतो, नोकरी करतो, मुले वाढवतो आणि म्हातारा होतो. त्याला आपण वाहक आहोत हे कधी कळतही नाही. थॅलेसेमियाच्या वाहकाचे हिमोग्लोबिन थोडे कमी असू शकते आणि त्यामुळे त्याला वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या दिल्या जातात, एवढाच काय तो फरक. भारतात सरासरीने शंभरातील तीन ते चार माणसे बीटा थॅलेसेमियाची वाहक आहेत. सिंधी, पंजाबी, गुजराती अशा काही समाजांत हे प्रमाण अधिक आहे, परंतु कोणताही समाज यातून पूर्ण सुटलेला नाही.

दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला दोन्ही बदललेल्या प्रती मिळून आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते, बाळ आईवडिलांसारखेच वाहक असण्याची शक्यता 50 टक्के असते आणि दोन्ही प्रती निर्दोष मिळण्याची शक्यता 25 टक्के असते. इथे एक गैरसमज फार त्रास देतो. चारपैकी एक याचा अर्थ पहिले मूल आजारी झाले म्हणजे पुढची तीन सुखरूप, असा अनेक जण घेतात. ही शक्यता प्रत्येक गरोदरपणात नव्याने तेवढीच असते. आधीच्या बाळाचे काय झाले याचा पुढच्यावर काही परिणाम होत नाही. काही घरांत चारही मुले निरोगी असतात आणि काही घरांत दोन्ही मुले रुग्ण. त्यामागे कोणाचे पुण्य नसते आणि कोणाचे पापही नसते.

म्हणजे ‘कोणाच्या बाजूने आले’ या प्रश्नाचे अशा आजारांपुरते उत्तर एकच आहे, ते म्हणजे दोन्ही बाजूंनी. एकट्या आईमुळे मुलाला थॅलेसेमिया मेजर होत नाही. डॉक्टरांनी हे वाक्य नवरा, सासू आणि सासरे यांना समोर बसवून, अहवालातील दोघांचे आकडे दाखवून सांगितले तर घरातले वातावरण किती बदलते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांनाच समजेल.

पितृदोषाच्या कल्पनेशी या विज्ञानाची एका जागी गाठ पडते, आणि ती जागा मला महत्त्वाची वाटते. आजार पूर्वजांकडून आला हे दोघांनाही मान्य आहे, पण पूर्वजांचे काही चुकले होते का, या प्रश्नाला विज्ञानाचे उत्तर जवळजवळ उलटे आहे. 1954 साली ॲलिसन या शास्त्रज्ञाने आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवले की सिकलसेलच्या वाहकांना मलेरियापासून संरक्षण मिळते. थॅलेसेमियाच्या वाहकांबाबत असाच तर्क हाल्डेन यांनी 1949 साली मांडला होता. जंगलपट्ट्यात आणि दलदलीच्या भागात मलेरिया लहान मुलांचा जीव घेत होता, तेव्हा ज्यांच्याकडे या जनुकाची एक प्रत होती ती मुले जगण्याची शक्यता अधिक होती. तीच पुढे कोणाची तरी आजी किंवा पणजोबा झाली. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर, कळवण या आदिवासी तालुक्यांमध्ये आज सिकलसेलची तपासणी होते, तेव्हा त्या गावांतील लोकांना हे सांगायला हवे. तुमच्या रक्तात जे आले आहे ते शाप म्हणून आलेले नाही. एकेकाळी त्यानेच तुमच्या वाडवडिलांना जगवले.

काही आजारांत मात्र हिशेब वेगळा असतो. हिमोफिलिया, म्हणजे रक्त लवकर न थांबण्याचा आजार, आणि डुशेन प्रकारचा स्नायूंचा आजार हे एक्स गुणसूत्रावरील जनुकामुळे होतात, आणि पुरुषात हे गुणसूत्र एकच असते. आई वाहक असेल तर तिच्या प्रत्येक मुलग्याला हा आजार होण्याची आणि प्रत्येक मुलगी वाहक असण्याची शक्यता निम्मी असते. इथे ‘आईकडून आले’ हे विधान जीवशास्त्राच्या दृष्टीने अनेकदा खरे असते, म्हणूनच ते फार जपून सांगावे लागते. त्या आईने स्वतःच्या माहेरी एखादा भाऊ किंवा मामा याच आजाराने गमावलेला असू शकतो, आणि आता तेच आपल्यामुळे आपल्या मुलाच्या वाट्याला आले असे तिला वाटू लागते. तिला दोन गोष्टी सांगता येतात आणि दोन्ही खऱ्या आहेत. एक म्हणजे, साधारण एक तृतीयांश रुग्णांमध्ये हा बदल आईकडून आलेला नसतो, तो त्या मुलात नव्यानेच घडलेला असतो. त्यामुळे तपासणीशिवाय तिला वाहक ठरवणेच चुकीचे आहे. दुसरी म्हणजे, ती वाहक निघाली तरी तिला मिळालेले ते जनुकही तिने मागून घेतलेले नव्हते.

तिसऱ्या प्रकारात एकच बदललेली प्रत आजाराला पुरेशी असते. हंटिंग्टनचा आजार बहुधा तिशी ते पन्नाशीच्या दरम्यान सुरू होतो, हालचाली आणि बुद्धी दोन्हींवर परिणाम करतो आणि आईवडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक अपत्याला तो होण्याची शक्यता 50 टक्के असते. त्याचे जनुक 1993 साली सापडले. स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगाशी संबंधित ‘बीआरसीए’ जनुकांमध्येही बदल पुढच्या पिढीत जाण्याची शक्यता निम्मीच असते, फक्त तो बदल आलेल्या प्रत्येकाला कर्करोग होतोच असे नाही. स्तनाच्या कर्करोगाचे पाच ते दहा टक्केच रुग्ण असे आनुवंशिक असतात, त्यामुळे मावशीला झाला म्हणून प्रत्येक भाचीने घाबरून जाण्याचे कारण नाही. मात्र हा बदल वडिलांकडूनही येऊ शकतो, हे आपल्याकडे विसरले जाते. आत्याला आणि आजीला कमी वयात हा कर्करोग झाला असेल तर ती माहितीही डॉक्टरांना सांगायला हवी.

आनुवंशिक आजारांचे समुपदेशन करणारे तज्ज्ञ पहिल्या भेटीत कागदावर तीन पिढ्यांचा वंशवृक्ष काढतात. नाशिककरांना वंशावळ लिहून ठेवण्याचे अप्रूप नसावे, कारण रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरात तीर्थोपाध्यायांच्या वह्यांमध्ये घराण्यांच्या कित्येक पिढ्यांच्या नामावळ्या आहेत. मात्र त्या वह्या मुख्यतः वडिलांकडच्या वंशाचा माग ठेवतात, आणि जनुकांना असा एकतर्फी हिशेब चालत नाही. तज्ज्ञांना आईच्या माहेरची, लग्न होऊन गेलेल्या बहिणींच्या मुलांची आणि नामकरणाआधीच गेलेल्या बाळांचीही नोंद हवी असते. कोणाला वारंवार रक्त चढवावे लागत होते का, कोणाला लहानपणापासून कावीळ दिसत होती का, तरुणपणीच खुबा दुखून कोणी लंगडत होते का, दात पडल्यावर किंवा जखमेनंतर कोणाचे रक्त थांबत नव्हते का, असे प्रश्न ते विचारतात.

हे प्रश्न ऐकून घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मनात काय होते, याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. पन्नास वर्षांपूर्वी गेलेल्या एखाद्या बाळाचा विषय त्या घरात कधीच निघालेला नसतो. आजीने त्या बाळाचे कारण स्वतःपाशी ठरवून टाकलेले असते. ग्रहणात आपण बाहेर गेलो, किंवा कोणाची दृष्ट लागली, किंवा आपले दूधच कमी पडले, असे तिने मानून घेतलेले असते. नातवाचे निदान होते तेव्हा तिला प्रथमच कळते की ते बाळही बहुधा याच आजाराने गेले असावे. या कळण्यात दुःख आहे, पण सुटकाही आहे, आणि तिला त्या दोन्हींसाठी वेळ द्यायला हवा. वंशवृक्ष काढणाऱ्याने अशा वेळी पेन खाली ठेवून थोडे थांबावे. बाळाचे जनुक गर्भधारणेच्या क्षणीच ठरते. त्यानंतर आईने काय खाल्ले, कुठे गेली, कोणते काम केले याने ते बदलत नाही. हे वाक्य बाळाच्या आईइतकेच आजीलाही ऐकवायला हवे.

वडिलांची अपराधी भावना वेगळ्या रूपात दिसते. अनेक पुरुष बोलत नाहीत, रुग्णालयात येत नाहीत, कामात बुडून जातात, आणि काही जण तपासणीच नाकारतात. वाहक असणे म्हणजे आपल्या पौरुषात काही कमी असणे, अशी धास्ती त्यामागे असते. ही धास्ती समजून घेण्यासारखी आहे, पण तिचे परिणाम मात्र समजून घेऊन भागण्यासारखे नाहीत. गरोदर स्त्रीची तपासणी साधारणपणे पहिल्या तिमाहीत होते आणि ती वाहक निघाली तर लगेच पतीला बोलावले जाते. पतीही वाहक असेल तर गर्भाची तपासणी करता येते. त्यासाठी वारेचा नमुना दहाव्या-अकराव्या आठवड्यापासून आणि गर्भजलाचा नमुना सोळाव्या आठवड्याच्या सुमारास घेतात. गर्भपाताचा कायदा 2021 साली सुधारला गेला. त्यानुसार 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांच्या मताने, ठरावीक परिस्थितीतील स्त्रियांसाठी 24 आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने, आणि त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने गर्भपात करता येतो. अहवाल यायलाही दिवस लागतात. पती ‘पुढच्या आठवड्यात बघू’ असे म्हणत तीनचार आठवडे घालवतो, तेव्हा तो आपल्या पत्नीसमोरचे एकेक दार बंद करत असतो. या विषयात मला वैयक्तिक जबाबदारीचे सर्वांत ठळक उदाहरण हेच वाटते. ज्याने जनुक दिले तो जबाबदार नाही, पण बोलावल्यावर दोन मिलिलिटर रक्त द्यायला जो आला नाही तो जबाबदार आहे.

गर्भाची तपासणी करून पुढे काय करायचे, हा निर्णय कायद्याने सज्ञान गरोदर स्त्रीचा आहे. गर्भपातासाठी तिचीच संमती लागते, पतीची किंवा सासऱ्यांची नाही. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या 1994 च्या कायद्यातही हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी गर्भाची तपासणी करण्याची मुभा आहे, फक्त गर्भाचे लिंग सांगता येत नाही. समुपदेशकाचे काम माहिती देण्याचे असते, सल्ला लादण्याचे नसते. एक जोडपे गर्भपाताचा निर्णय घेते, दुसरे जोडपे गर्भ ठेवण्याचा घेते, तिसरे तपासणीच नको म्हणते आणि बाळ जन्मल्याबरोबर उपचार सुरू करण्याची तयारी करते. मला या तिघांपैकी कोणाचाही न्याय करण्याचा अधिकार वाटत नाही.

एक गोष्ट मात्र पुनःपुन्हा सांगावीशी वाटते. ज्या घरात आधीच एक आजारी मूल आहे, तिथे दुसऱ्या गर्भाविषयी चर्चा चालते तेव्हा ते मूल पलीकडच्या खोलीत सर्व ऐकत असते. ‘पुन्हा असे मूल नको’ या वाक्याचा मोठ्यांच्या मनातील अर्थ ‘पुन्हा कोणाला एवढ्या वेदना नकोत’ असा असतो, पण आठ वर्षांच्या मुलीला त्यातून आपणच नको होतो असे ऐकू येते. दर तीनचार आठवड्यांनी रक्त घ्यायला जाणारी, सुई टोचताना रडायचे सोडून दिलेली ती मुलगी हे वाक्य कोणाला विचारत नाही, मनात ठेवून देते. आईवडिलांनी तिला जवळ घेऊन, तिच्या समोर बसून स्पष्ट शब्दांत सांगायला हवे की आम्हाला आजार नको आहे, तू आम्हाला हवी आहेस. हे एकदा सांगून पुरत नाही.

निरोगी भावंडांचा विचार तर आणखी मागे पडतो. आजारी भावाला प्रत्यारोपणासाठी अस्थिमज्जा जुळते का, हे पाहण्यासाठी पहिली तपासणी सख्ख्या भावंडांची होते, आणि दोन सख्ख्या भावंडांची जुळणी पूर्ण होण्याची शक्यता 25 टक्के असते. जुळली नाही तर त्या भावंडाला आपण कमी पडलो असे वाटते. जुळली आणि प्रत्यारोपण यशस्वी झाले नाही तर त्याहून अधिक. काही मुलांच्या मनात ‘मलाच का झाले नाही’ असा प्रश्न वर्षानुवर्षे राहतो. या भावंडांना आणखी एक माहिती द्यावी लागते. वाहक आईवडिलांच्या ज्या अपत्याला आजार झालेला नाही, ते वाहक असण्याची शक्यता तीनपैकी दोन असते. ही माहिती लग्नाच्या वयाच्या आधी, घाईशिवाय, आणि ‘तुला काही झालेले नाही’ हे पटवून देत सांगायची असते.

सिकलसेलविषयी आपल्या जिल्ह्याच्या संदर्भात थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. या आजारात प्राणवायू कमी झाल्यावर लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना होतात. थंडी, पाणी कमी पिणे, ताप किंवा जंतुसंसर्ग, आणि अतिश्रम या चार गोष्टींनी हा वेदनेचा झटका येतो. सुरगाणा, पेठ या भागांतील कुटुंबे हंगामात दिंडोरी, निफाड, नाशिकच्या द्राक्षबागांत मजुरीला येतात, आणि बागेतले कितीतरी काम कडाक्याच्या थंडीत पहाटेपासून चालते. अशा वेळी हातपाय दुखतात म्हणून बसून राहणाऱ्या तरुणाला कामचुकार म्हटले जाते, शाळेत वारंवार गैरहजर राहणाऱ्या मुलाला आळशी म्हटले जाते. वेदना डोळ्यांना दिसत नाहीत, त्यामुळे घरातलेही हळूहळू त्याच्यावर अविश्वास दाखवू लागतात. या मुलांच्या मनावरची सर्वांत खोल जखम बहुधा हीच असते. हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या नियमित घेतल्यास असे झटके कमी होतात, लस आणि प्रतिजैविकांनी लहान मुलांना जंतुसंसर्गापासून वाचवता येते. म्हणजे निदान लवकर होण्याला अर्थ आहे. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत आदिवासी भागांतील 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. तपासणीनंतर मिळालेले कार्ड मजुरीला जाताना सोबत नेले पाहिजे, कारण गावापासून दूर झटका आला तर तिथल्या डॉक्टरांना त्याच कार्डावरून सर्व समजते.

नातेवाइकांना सांगणे हे सर्वांत अवघड काम आहे. डॉक्टर रुग्णाच्या परवानगीशिवाय त्याची माहिती इतरांना देत नाहीत, म्हणून हे काम त्या कुटुंबावरच येते. एखादा पुरुष वाहक असेल तर त्याच्या प्रत्येक सख्ख्या भावंडात ते जनुक असण्याची शक्यता निदान निम्मी असते. मालेगावला किंवा जळगावला दिलेली बहीण गरोदर आहे आणि तिला काहीच माहीत नाही, अशी परिस्थिती असताना गप्प राहणे हाही एक निर्णयच असतो. गप्प राहण्यामागची भीती खरी आहे. धाकट्या बहिणीचे लग्न जमणार नाही, आत्या नाते तोडेल, गावात नाव खराब होईल, अशा या भीती आहेत. ही भीती काल्पनिक नाही, याचा पुरावा जगाच्या अनुभवात आहे. ग्रीसमधील ऑर्कोमेनोस या गावी 1970 च्या सुमारास सिकलसेलच्या वाहकांची तपासणी झाली, पण समाजाला समजावण्याचे काम पुरेसे झाले नाही. वाहकांना कमी लेखले जाऊ लागले, काहींनी लग्न जुळवताना ते लपवले, आणि दोन वाहकांची लग्ने पूर्वीसारखीच होत राहिली. त्याच दशकात सायप्रसमध्ये थॅलेसेमियाचे काम वेगळ्या रीतीने झाले. शाळांपासून चर्चपर्यंत सर्वांना सोबत घेतले गेले, लग्नाआधी तपासणीचा दाखला हा रिवाज झाला, आणि तरीही दोघेही वाहक निघालेल्या बहुतेक जोडप्यांनी ठरलेले लग्न मोडले नाही. त्यांनी लग्न केले आणि गरोदरपणात तपासणी करून घेतली. थॅलेसेमियाच्या नव्या रुग्णांचा जन्म तिथे जवळजवळ थांबला. मला यातून एवढेच दिसते की वाहकांना लग्नाच्या बाजारातून बाहेर काढण्याने काही साधत नाही; माहिती सर्वांकडे असेल तर लाजही कमी होते आणि आजारही.

नात्यात सांगताना समारंभात किंवा सर्वांच्या देखत सांगू नये, आणि आजाराच्या भयंकर वर्णनाने सुरुवात करू नये. भावाने बहिणीला साधारण असे लिहिले तरी पुरते: “ताई, चिनूचे निदान झाल्यावर माझी आणि हिची रक्ततपासणी झाली. आम्ही दोघेही थॅलेसेमियाचे वाहक निघालो. आपण सख्खी भावंडे असल्यामुळे तूही वाहक असण्याची शक्यता निम्मी आहे. वाहक असण्याने तुला स्वतःला काही त्रास होणार नाही. पण तुझी आणि दाजींची एकदा तपासणी झाली तर पुढे काळजी राहणार नाही. माझ्या अहवालाची प्रत सोबत पाठवली आहे, ती डॉक्टरांना दाखव. आईआप्पांना मी अजून सांगितलेले नाही, रविवारी सांगणार आहे. वाटले तर रात्री फोन कर.” बहिणीने उत्तर दिले नाही, रागावली, किंवा तपासणी करणार नाही म्हणाली, तर पंधरा दिवसांनी एकदा पुन्हा विचारावे. त्यापुढचा निर्णय तिचा आणि दाजींचा.

मामाच्या मुलीशी लग्न करण्याची पद्धत आपल्याकडे अनेक समाजांत आहे. आतेमामे भावंडांमध्ये साधारण एक अष्टमांश जनुके समान असतात, त्यामुळे दोघांकडे तोच बदल असण्याची शक्यता वाढते. कोणत्याही जोडप्याला गंभीर जन्मजात दोष असलेले मूल होण्याची शक्यता दोन ते तीन टक्के असते, ती अशा लग्नांत साधारण दुप्पट होते. घराण्यात आनुवंशिक आजाराचा इतिहास असेल तर लग्न ठरवण्याआधी तपासणी करून घेणे अत्यावश्यक आहे.

माहिती न घेण्याचाही माणसाला अधिकार आहे, आणि तो कुठे लागू होतो हे समजून घेतले पाहिजे. हंटिंग्टनसारख्या आजारावर आज तो थांबवणारा उपचार नाही. त्यामुळे वडिलांना तो आजार असलेल्या पंचवीस वर्षांच्या मुलाने मला माझे भविष्य जाणून घ्यायचे नाही असे म्हटले, तर त्याला भित्रा म्हणणे अन्यायाचे आहे. याच कारणाने प्रौढपणी होणाऱ्या अशा आजारांसाठी लहान मुलांची तपासणी करत नाहीत. ती मुले सज्ञान होऊन स्वतः ठरवतील, असे मानतात. सिकलसेलची गोष्ट याहून वेगळी आहे, कारण तिथे बाळाचे निदान पहिल्या महिन्यांत झाले तर त्याचा जीव वाचू शकतो.

तपासणीविषयी थोडक्यात सांगायचे तर, प्राथमिक आरोग्य केंद्रात होणारी सिकलसेलची विद्राव्यता चाचणी रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच सांगते, ती व्यक्ती वाहक आहे की रुग्ण हे सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही रक्तातील हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी पुढची चाचणी करावी लागते, आणि तिचा अहवाल येईपर्यंत कोणावरही शिक्का मारू नये. थॅलेसेमियाचे वाहकही एचपीएलसीने कळतात. जनुकाची नेमकी तपासणी आणि गर्भाचे निदान यांसाठी मुंबईतील केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्थेचा आधार घेता येतो. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या 2016 च्या कायद्यात हिमोफिलिया, थॅलेसेमिया आणि सिकलसेल या तिन्हींचा समावेश आहे, तेव्हा रुग्णाचे अपंगत्वाचे प्रमाणपत्र काढून ठेवावे. आरोग्य विम्याच्या दाव्यात ‘आनुवंशिक आजार’ असे सरसकट कारण देऊन नकार मिळाला तर हे लक्षात ठेवावे की असा सरसकट अपवाद भेदभाव करणारा आहे, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने 2018 साली दिला आहे.

मुलाला त्याच्या आजाराविषयी केव्हा सांगावे, असे पालक विचारतात. ज्या वयात ते ‘मला रोज गोळी का’ असे विचारते, त्याच वयात सांगायला सुरुवात करावी, त्याच्या वयाला झेपेल एवढेच सांगावे आणि खोटे काही सांगू नये. पाच वर्षांच्या मुलाला ‘तुझ्या रक्ताला मदत लागते’ एवढे पुरते. दहाव्या वर्षी आजाराचे नाव आणि झटका येण्याची कारणे सांगावीत, म्हणजे सहलीला जाताना ते स्वतःहून पाण्याची बाटली आणि स्वेटर घेईल. पंधरा-सोळाव्या वर्षी हे जनुक आईबाबा दोघांकडून आले आहे, हे दोघांनीही त्याच्यासमोर एकत्र बसून सांगावे, आणि त्या वेळी दोघांचेही अहवाल त्याच्या हातात द्यावेत.